मराठी शाळांच्या संचालकांना खुले पत्र : पुस्तकांइतकीच शिक्षकांची काळजी घ्या

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी शाळांचे संचालक, समन्वयक आणि महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोमवार ते शुक्रवार अमेरिकेतल्या एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये फ्रेंच शिकवते आणि रविवारी सकाळी एका भाड्याच्या सभागृहात भरणाऱ्या मराठी शाळेत मराठी शिकवते. फ्रेंच मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. मराठी घरात, अंगणात, शाळेत, जशी आपण सगळेच शिकलो तशी. जी भाषा मला परकी होती ती शिकवण्याचे मला रीतसर शिक्षण मिळाले आणि जी माझी स्वतःची आहे ती शिकवण्याचे कोणी काही शिकवले नाही. गेली १४ वर्षे या दोन वर्गांमध्ये ये-जा करताना जे दिसले ते तुमच्यापुढे मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण विषय एका शाळेचा नाही, आणि कोणा एका माणसाला दोष देण्याचा माझा हेतूही नाही.

हायस्कूलमध्ये रुजू झाले त्या वर्षी मला एक मार्गदर्शक शिक्षिका नेमून दिली होती. दर पंधरा दिवसांनी ती माझ्या वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसायची, तास संपेपर्यंत एक शब्द बोलायची नाही आणि दुपारच्या सुट्टीत मला एखादाच प्रश्न विचारायची. पहिला प्रश्न मला अजून आठवतो : आजच्या तासात तू किती वेळ बोललीस आणि मुले किती वेळ बोलली? तिने घड्याळ लावून मोजले होते. पंचेचाळीस मिनिटांपैकी पस्तीस मिनिटे मीच बोलत होते. मला वाटले होते तास उत्तम झाला. मी नीट समजावले, फळा भरला, मुले शांत होती. ती शांतता हाच त्या तासाचा दोष होता, हे मला कोणी दाखवले नसते तर मी पुढची दहा वर्षे तशीच शिकवत राहिले असते.

त्याच वर्षी मी मराठी शाळेत गेले. पहिल्या रविवारी माझ्या हातात वर्गाची किल्ली, पुस्तकांचे खोके आणि हजेरीचा कागद आला आणि एक वाक्य आले : "तुम्हाला मराठी येतेच, मग काय, शिकवाल सहज." बोलणाऱ्यांच्या मनात विश्वासच होता. ते स्वतः आठवडाभर नोकरी करून रविवारी पहाटे उठून खुर्च्या लावत होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरी ते वाक्य मला तेव्हा बोचले आणि आज तर ते आपल्या शाळांच्या बहुतेक अडचणींचे मूळ आहे असे मला वाटते. भाषा येणे आणि भाषा शिकवता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम शिकावे लागते, आणि ते शिकण्याची सोय करणे ही शाळा चालवणाऱ्यांची पहिली जबाबदारी आहे. मला एवढेच म्हणायचे आहे. पुढचे सगळे त्याच्या पुष्ट्यर्थ आहे.

एक प्रसंग सांगते. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. घरी मराठी कानावर पडते पण उत्तर इंग्रजीत जाते, अशा घरातली. आपल्या शाळांतली बरीच मुले अशीच असतात. एका रविवारी ती वर्गात शिरताशिरताच सांगू लागली, "ताई, मी काल आजोबाला फोन केली." मी तत्काळ म्हणाले, "आजोबाला नाही, आजोबांना. आणि फोन केली नाही, फोन केला." तिने मान हलवली, वाक्य पुन्हा नीट म्हटले आणि गप्प बसली. आजोबा काय म्हणाले हे तिला सांगायचे होते, ते राहूनच गेले. उरलेला तासभर ती माझ्याशी इंग्रजीत बोलली.

त्या मुलीचे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा मनाशी तपासून पाहिले. "मी गेली", "मी बसली" असे ती म्हणत असे. म्हणजे बोलणारी मुलगी असेल तर क्रियापद तसे बदलते, हे तिने कोणी न सांगता स्वतःच्या कानाने हेरले होते. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते, म्हणून मुलगीही "फोन केला" आणि "पोळी खाल्ली" म्हणते, हा पुढचा टप्पा तिला अजून गाठायचा होता. "आजोबाला" हेही निव्वळ अज्ञान नव्हते. "मामाला", "काकाला" ही रूपे तिने ऐकली होती आणि त्याच वाटेने ती गेली होती. आजोबांसाठी आदराचे अनेकवचन लागते एवढेच तिला ठाऊक नव्हते. ज्याला आपण चूक म्हणतो त्यात मुलाने किती मजल मारली आहे याचा नकाशा असतो. तो वाचता यायला व्याकरण वेगळ्या बाजूने पाहावे लागते, आणि जन्मापासून मराठी बोलणाऱ्याने ते तसे कधी पाहिलेलेच नसते, कारण त्याला गरजच पडलेली नसते. सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दात होणारा बदल, आपण दिवसातून शेकडो वेळा करतो. "शाळा" चे "शाळेत" का होते आणि "मामा" चे "मामात" च का राहते, हे विचारले तर आपण गडबडतो.

आज ती मुलगी माझ्यापुढे आली तर मी म्हणेन, "हो का! आजोबांना फोन केलास? मग काय म्हणाले आजोबा?" योग्य रूप तिच्या कानावर पडते, बोलणे तुटत नाही आणि ती पुढचे वाक्य बोलते. भाषा शिकवणाऱ्यांच्या जगात हे तंत्र अगदी प्राथमिक समजले जाते. फ्रेंचच्या वर्गात मी ते रोज वापरत होते. मराठीच्या वर्गात ते मला सुचले नाही, कारण मराठीच्या वर्गात मी स्वतःला भाषाशिक्षिका समजतच नव्हते. मी तिथे घरातली मोठी बाई होऊन बसले होते. माझी ही चूक कोणी मागच्या बाकावर बसून पाहिली असती तर त्या मुलीचे ते वर्ष वाचले असते.

आता वेळेचा हिशेब पाहा. वर्षाकाठी साधारण ३० रविवार, प्रत्येकी दोन तास, म्हणजे ६० तास. त्यातून दिवाळी, संक्रांत, स्नेहसंमेलनाची तयारी आणि बर्फामुळे रद्द झालेले वर्ग वजा करा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना हिंदी कामापुरती यावी म्हणून सुमारे ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास धरते, आणि ते शिकणारे प्रौढ, पगारी आणि दिवसभर तेच करणारे असतात. आपल्या मुलांच्या कानात मराठी आधीपासून आहे, हे आपले मोठे भांडवल आहे, त्यामुळे ही तुलना जशीच्या तशी लागू होत नाही. पण एवढे खरे की आपल्याकडे उधळायला एकही तास नाही. असे असताना कित्येक वर्गांत ऑगस्ट-सप्टेंबरात "क" गिरवायला घेतात आणि "क्ष", "ज्ञ" पर्यंत पोचेपर्यंत मार्च उजाडतो. वहीत गरुड आणि यज्ञ सुबक लिहिलेले असतात, आणि तेच मूल सुट्टीत सांगलीला गेल्यावर मावशीला "मला भूक लागली, काय आहे खायला?" एवढे विचारू शकत नाही. लिपी शिकवू नये असे मी मुळीच म्हणत नाही. लिपी कधी, किती आणि कशाच्या सोबतीने शिकवायची, हा निर्णय प्रशिक्षित शिक्षक घेतो. ज्याला प्रशिक्षण मिळालेले नाही त्याच्या जागी तो निर्णय पुस्तकाची अनुक्रमणिका घेते.

या देशात भाषाशिक्षकांनी आपल्या व्यवसायाची बांधणी कशी केली, हे सांगणे इथे आवश्यक आहे, कारण ती सगळी आपल्या दाराशी असून आपण तिच्याकडे फारसे वळलेलो नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन द टीचिंग ऑफ फॉरिन लँग्वेजेस, म्हणजे सगळे जिला ॲक्टफल म्हणतात ती संस्था, १९६७ साली स्थापन झाली. शिकणाऱ्याला भाषेत काय काय करता येते यावरून त्याची पातळी ठरवणारी तिची प्रावीण्य मार्गदर्शक तत्त्वे १९८६ मध्ये आली आणि नंतर वेळोवेळी सुधारली गेली. किती धडे झाले, किती शब्द पाठ झाले याला त्या मोजपट्टीत स्थान नाही. अनोळखी माणसाशी काय बोलता येते, घडलेली गोष्ट सांगता येते का, आपले मत पटवून देता येते का, हे ती पाहते. १९९६ मध्ये राष्ट्रीय मानके आली आणि त्यांनी संवाद, संस्कृती, अन्य विषयांशी जोडणी, तुलना आणि समाज अशी पाच अंगे भाषाशिक्षणाला दिली. २०१० मध्ये ॲक्टफलने वर्गातला किमान ९० टक्के व्यवहार शिकवायच्या भाषेतच व्हावा अशी शिफारस केली. आपल्या किती वर्गांत सूचना इंग्रजीत दिल्या जातात आणि मराठी फक्त पुस्तकातून वाचली जाते, हे प्रत्येक संचालकाने एकदा दाराबाहेर उभे राहून ऐकावे. मला स्वतःलाही ते ऐकून धक्का बसला होता.

मानकांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची माणसे घडवण्याची व्यवस्था. दर नोव्हेंबरात ॲक्टफलचे अधिवेशन भरते आणि हजारो भाषाशिक्षक एकमेकांच्या वर्गातले अनुभव ऐकतात. त्याशिवाय प्रादेशिक परिषदा आहेत, राज्याराज्यांच्या संघटना आहेत. जिल्हा आणि राज्य पातळीवर भाषाशिक्षणाची देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना आहे. शिक्षकांमधून पुढचे नेतृत्व तयार व्हावे म्हणून खास कार्यक्रम चालतात. वर्गात उत्तम शिकवणारा माणूस दुसऱ्या शिक्षकाला उभे करील असे आपोआप होत नाही, हे त्यांना केव्हाच उमगले आहे. सहकाऱ्याच्या तासाला बसणे, त्याला बोचणार नाही पण उपयोगी पडेल असे बोलणे, नव्या शिक्षकाला चुका करायला जागा देणे, ही कौशल्ये वेगळी आहेत आणि ती शिकवली जातात. एखादी कार्यशाळा ऐकून वर्गातली पद्धत सहसा बदलत नाही. ऐकलेले वर्गात करून पाहताना कोणी सोबत असेल तर बदलते, हे ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या संशोधकांनी १९८० च्या दशकातच मांडले होते. माझा अनुभव अगदी हाच आहे. मी ऐकलेली व्याख्याने विसरले. मागच्या बाकावरची ती वही विसरले नाही.

यात मराठीचा संबंध कुठे, असे कोणी विचारील. हायस्कूल संपवताना इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेतही प्रावीण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदविकेवर मोहोर उमटवण्याची पद्धत २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने कायद्याने आणली आणि नंतर ती देशभर पसरली. मराठीचीही प्रावीण्य चाचणी आता देता येते. त्या चाचणीत मुलाला अमुक धड्याचे प्रश्नोत्तर विचारत नाहीत. समोर एक परिस्थिती ठेवतात आणि त्यावर बोलायला, लिहायला सांगतात. आठ वर्षे आपल्या शाळेत येऊन चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला मुलगा तिथे चार वाक्यांनंतर अडखळतो, तेव्हा पालक मुलाकडे बघतात आणि आपण पालकांकडे. खरे तर त्या वेळी आपण स्वतःकडे बघायला हवे, कारण ज्या गोष्टीची त्याला सवयच दिली नाही ती त्याच्याकडून मागितली गेली.

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, आणि अमेरिकेतल्या कोरियन शाळांची राष्ट्रीय संघटनाही त्याच वर्षी उभी राहिली. ती संघटना दर उन्हाळ्यात शाळांच्या शिक्षकांची परिषद भरवते, तिथे कोरियातून आणि अमेरिकेतून तज्ज्ञ येतात आणि विषय असतो वर्गात शिकवायचे कसे. त्यांना मायदेशाच्या सरकारचे पाठबळ आहे, हा फरक मी नजरेआड करत नाही. तेवढ्यावरून आपल्या कामाला कमी लेखण्याचेही कारण नाही : समान अभ्यासक्रम तयार झाला, पुस्तके आली, पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्याने परीक्षा सुरू झाल्या, आणि हे सगळे नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसांनी उभे केले. त्या परिश्रमांमुळेच पुढचे मागणे मागायला मला धीर येतो. पुस्तक झाले, आता ते पुस्तक हातात घेऊन वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे वळू या.

आता नेतृत्वाविषयी थोडे सविस्तर लिहिते. आपल्या शाळांच्या समन्वयकाला वर्षभर काय करावे लागते, ते मी जवळून पाहिले आहे. सभागृहाचे आरक्षण, विमा, फीचा हिशेब, स्वयंसेवकांची पोलीस-पडताळणी, खाऊच्या पाळ्या, आयत्या वेळी न आलेल्या शिक्षकाच्या जागी कोणाला तरी उभे करणे, पालकांचे शंभर निरोप, दिवाळीचा कार्यक्रम, स्नेहसंमेलनातले नाटुकले. या धबडग्यात "वर्गात काय शिकवले जात आहे" हा प्रश्न विचारायला त्याला वेळ उरत नाही, आणि तो विचारण्याचे काम दुसऱ्या कोणाचे आहे असेही कुठे लिहिलेले नसते. पगारी शाळेत मुख्याध्यापक आणि विषयप्रमुख ही दोन पदे असतात ती उगाच नाही. आपण मुख्याध्यापक नेमतो, विषयप्रमुख नेमत नाही, आणि मग मुख्याध्यापकाकडूनच दोन्ही कामांची अपेक्षा ठेवतो.

दुसरे, आपली शाळा पुष्कळदा एखाद्या जोडप्याच्या खांद्यावर उभी असते. त्यांनी ती दिवाणखान्यात चार मुले घेऊन सुरू केलेली असते, दहा-पंधरा वर्षे निष्ठेने चालवलेली असते. मग त्यांची मुले कॉलेजात जातात, नोकरी दुसऱ्या राज्यात जाते किंवा तब्येत साथ देत नाही, आणि शाळेचे सगळे शहाणपण त्यांच्याबरोबर निघून जाते. कोणत्या वर्गाला काय जमते, कोणते मूल कशाने फुलते, कोणता धडा दरवर्षी कोसळतो, हे कुठेही लिहून ठेवलेले नसते. मी अशी एक शाळा बंद पडताना पाहिली आहे. शेवटच्या रविवारी खोक्यात पुस्तके भरताना एका शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी होते. मुले होती, पैसे होते, जागाही होती, पण पुढे शाळा हाती घेऊ शकेल असा माणूस घडवायचे राहून गेले होते.

"अहो, सगळे स्वयंसेवक आहेत, त्यांना आणखी काय सांगायचे?" हा आक्षेप मी प्रत्येक सभेत ऐकते. प्रशिक्षणाचे नाव काढले की माणसे पळतील, अशी भीती त्यामागे असते. मी जे पाहिले ते उलट आहे. नवीन शिक्षक कामाच्या ओझ्याने क्वचित जातात. ते जातात वर्गातल्या एकटेपणाने. पंधरा मुले, त्यांत दोघांना मराठी अजिबात येत नाही, तिघांना घरी उत्तम येते, एक खिडकीबाहेर बघतो, एक रडतो, आणि दोन तास पुढे उभे असतात. असे सहा रविवार काढले की माणूस म्हणतो, मला हे जमत नाही, आणि पुढच्या वर्षी नाव देत नाही. त्याला जमले असते. त्याला तीन-चार युक्त्या आणि एक सोबती हवा होता. जो आपला रविवार विनामूल्य देतो त्याला त्याचे काम शिकवण्याची सोय करून देणे हा त्याच्या वेळेचा सन्मान आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांविषयी मला आपुलकी वाटते. आपली भाषा अमेरिकन मोजपट्टीने का मोजायची, असे ते म्हणतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एवढ्या जुन्या, संपन्न भाषेला बाहेरच्या मानकांची काय गरज? माझे उत्तर असे की ती मानके मराठीत काय शिकवावे याबद्दल एक शब्दही बोलत नाहीत. ते आपणच ठरवायचे आहे. ती फक्त विचारतात, शिकवलेले मुलाच्या उपयोगी कसे पडते. गेल्या दिवाळीत मी वर्गाला किल्ला करायला लावला. पुण्यात आम्ही मातीचे ढिगारे आणून, पोती टाकून, वर अळीव पेरून किल्ले करायचो. इथे नोव्हेंबरात अंगण गारठलेले, म्हणून गॅरेजमध्ये जुन्या खोक्यांवर कागदाचा लगदा थापला. तीन रविवार सगळे बोलणे किल्ल्याभोवती फिरले : बुरूज कुठे, पाणी कुठून आणायचे, मावळे कुठे उभे करायचे, अळीव कोणी पेरले आणि पाणी घालायला कोण विसरले. एका आजींना व्हिडिओवर बोलावून मुलांनी त्यांच्या लहानपणच्या किल्ल्याची माहिती विचारली, प्रश्न आधी आपापसात ठरवून. शेवटी प्रत्येकाने पालकांना किल्ला दाखवत फेरी घडवली. भिडून संवाद, ऐकून समजणे, लोकांसमोर मांडणे, या ज्या तीन प्रकारांवर ॲक्टफल भर देते ते तिन्ही त्यात आले, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळे मराठीच राहिले. हे मला प्रतिभेने सुचले नाही. एका प्रादेशिक परिषदेत जपानी शिकवणाऱ्या एका बाईंनी आपल्या वर्गातला असाच उपक्रम दाखवला होता, तो पाहून सुचले. आपले शिक्षक तिथे गेले असते तर अशा दहा गोष्टी त्यांनी आणल्या असत्या, माझ्यापेक्षा चांगल्या.

तर माझे मागणे काय? पहिले आणि सर्वांत मोठे मागणे असे की प्रत्येक शाळेत व्यवस्थापन पाहणाऱ्या समन्वयकाखेरीज केवळ अध्यापन पाहणारा एक माणूस नेमावा आणि त्याच्याकडे खाऊ, सभागृह, फी यांपैकी एकही काम देऊ नये. त्याने प्रत्येक शिक्षकाच्या तासाला वर्षातून निदान चारदा बसावे, नंतर चहा घेता घेता अर्धा तास बोलावे, आणि हे बोलणे मूल्यमापन म्हणून कोणाच्याही कानावर जाऊ नये. त्याची मुदत तीन वर्षांची असावी आणि दुसऱ्या वर्षापासूनच त्याच्या जागी येणारा त्याच्यासोबत फिरू लागावा. लहान शाळांना एवढी माणसे मिळणार नाहीत. तिथे शेजारच्या दोन-तीन शाळांनी मिळून एक माणूस ठेवावा, तास व्हिडिओवरून पाहता येतो.

नव्या शिक्षकाला पहिले सत्र कधीही एकट्याने वर्ग देऊ नये. हे अवघड आहे हे मला माहीत आहे, कारण सप्टेंबरात शिक्षक कमीच असतात. पण आपल्याकडे एक मोठा साठा पडून आहे : आपल्याच शाळेतून शिकून बाहेर पडलेली सोळा-सतरा वर्षांची मुले. लहान मुले त्यांना ताई-दादा म्हणतात, त्यांचे ऐकतात आणि त्यांच्यासारखे बोलू पाहतात, कारण मराठी ही फक्त आईबाबांची भाषा नाही हे त्यांना त्या ताई-दादांत दिसते. आज आपण त्यांच्याकडून खुर्च्या उचलून घेतो. त्यांना दहा मिनिटांचा खेळ घ्यायला द्या, तो कसा घ्यायचा ते शिकवा, पुढच्या वर्षी वीस मिनिटे द्या. पुढच्या पंधरा वर्षांचे शिक्षक आणि समन्वयक मला तिथेच दिसतात.

पैशाविषयी फार लिहीत नाही. शाळेच्या फीतला ठरावीक हिस्सा शिक्षकांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा आणि त्यातून दरवर्षी निदान एका शिक्षकाला भाषाशिक्षणाच्या राज्य किंवा प्रादेशिक परिषदेला पाठवावे. परत आल्यावर त्याने इतरांना तास घेऊन दाखवावा, अहवाल नको. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एकच विनंती : दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आपल्या मोठ्या अधिवेशनात भोजन, नाट्यप्रयोग, गायन यांना जसा मान असतो तसा एक पूर्ण दिवस शाळांच्या शिक्षकांना द्यावा, मुख्य इमारतीत, सकाळच्या वेळेत. तिथे भाषणे नकोत. वर्ग घेतलेले दाखवावेत, चुकलेले वर्गही दाखवावेत.

उन्हाळ्याची सुट्टी सुरू आहे आणि बहुतेक शाळांच्या नियोजनाच्या सभा पुढच्या काही आठवड्यांत होतील. विषयपत्रिकेवर सभागृहाचे भाडे आणि पुस्तकांची मागणी असेल, त्यांच्या वरती "शिक्षकांची तयारी" हा विषय घ्यावा आणि अध्यापन पाहणारा माणूस कोण, त्याचे नाव त्याच सभेत लिहावे. मी माझ्यापासून सुरुवात केली आहे. सप्टेंबरापासून माझ्या वर्गात मागे दोन रिकाम्या खुर्च्या असतील. कोणत्याही शाळेच्या कोणत्याही शिक्षकाने न कळवता यावे, वही घेऊन बसावे आणि मी किती बोलले, मुले किती बोलली, ते तास संपल्यावर मला सांगावे.

आपली,
मराठी शाळेतली एक शिक्षिका